वळ्यांची भांडी करतेय, सगळी एकसारखी होतायत. कोल्हापुरात डिझाईन कुठं बघू? बजेट १५००

ओलीमाती · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून चाकाशिवाय, नुसत्या हातानं भांडी करतेय. मातीची लांब वळी करायची, वेटोळं घालत एकावर एक चढवायची, आतून बोटानं जोडत जायचं. एवढंच शिकले आहे आणि मला ते मनापासून आवडतं. भाजायची सोय मैत्रिणीच्या छोट्या इलेक्ट्रिक भट्टीत आहे, तो प्रश्न नाही.

प्रश्न असा की आजवर अकरा भांडी झाली आणि अकराही सख्ख्या बहिणी दिसतात. खाली गोल, मधे थोडं पोट, वर आत वळलेलं तोंड. बसताना मनात काहीतरी वेगळं असतं, पण हात पुन्हा तिथंच येतात. मोबाईलवर तीनेकशे फोटो साठवलेत. त्यातलं बघून केलं की दुसऱ्याच्या वहीतून उतरवल्यासारखं वाटतं.

तर कोल्हापुरात किंवा जवळपास कुठं जाऊ, काय बघू, म्हणजे डोळ्यात नवीन आकार बसतील? बजेट सगळं धरून १५०० रुपये. गाडी नाही, केएमटी आणि एसटीनं फिरते. वेळ म्हणजे येणारे दोन रविवार, कारण एरवी शाळा. चाक घ्यायचं नाही, क्लास लावायचा नाही. फुलेवाडीत राहते.

चाकधर · रात्री ९:५८

ताई, स्पष्टच सांगतो, चाक घ्या. मी दोन वर्षांपूर्वी २८ हजारांना इलेक्ट्रिक चाक घेतलं आणि एका रविवारी वीस वाट्या काढतो. वळ्यांनी एका भांड्याला दोन दोन दिवस जातात, मग वेगळे आकार करून बघायला वेळ उरणार कुठनं? चाकावर आकार आपोआप सुचतात. मोटर मात्र चांगली बघून घ्या, माझी आजवर एकदाही गरम झाली नाही.

निळीशाई · रात्री १०:२०

त्यांनी चाक नको म्हणून आधीच लिहिलंय.

ओलीमाती, मी स्वतः भांडी करत नाही, पण या विषयावर गेली काही वर्षं वाचतेय. वळ्यांच्या भांड्यांचं जग केवढं मोठं आहे! जपानमधली जोमोन भांडी बघा. जोमोन या शब्दाचाच अर्थ दोरीची नक्षी. ओल्या मातीवर दोर दाबून, फिरवून ती नक्षी उठवायचे आणि त्यातल्या काही भांड्यांची तोंडं ज्वाळांसारखी वर उसळलेली आहेत. हजारो वर्षांपूर्वीचं काम, चाक नव्हतंच. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या प्यूब्लो लोकांच्या पूर्वजांनी स्वयंपाकाच्या भांड्यांवर बाहेरच्या वळ्या तशाच ठेवल्या, चिमटे घेत घेत. लांबून बघितलं तर विणल्यासारखी दिसतात.

आणि नायजेरियाच्या लाडी क्वाली. त्यांच्या भागात भांडं फिरवत नाहीत, बाईच भांड्याभोवती गोल फिरत काम करते. त्यांचं चित्र तिथल्या २० नायराच्या नोटेवर आहे. कुंभारकाम करणाऱ्या बाईचं चित्र देशाच्या नोटेवर! मी ती नोट एका ओळखीच्यांकडून मागवून घेतली, जपून ठेवलीय.

आपल्या देशात मणिपूरच्या आंद्रो गावच्या बायका चाक वापरत नाहीत. तिथल्याच लोंगपीची काळी भांडीही चाकाशिवाय होतात, दगडाची पूड मातीत मिसळून. निकोबारमधल्या चौरा बेटावरही हे काम बायकांच्या हातचं. यावरचं एक मोठं पुस्तक आहे, परदेशी, साडेचार हजारांना पडलं मला. जरूर घ्या.

रंकाळाकाठ · रात्री १०:४५

खिद्रापूर. दुसरं काही बघू नका, आधी खिद्रापूर.

मी तिथल्या कोपेश्वराच्या मंदिरात आजवर नऊ वेळा गेलोय. स्वर्गमंडपात मधोमध उभं राहून मान वर करा. छत मधे उघडं आहे, गोल. त्या गोलाच्या कडेनं दगडी कडी एकात एक उतरत येतात आणि खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. तुमच्या भांड्यात आत वाकून बघितल्यावर जे दिसतं ना, वळीवर वळी, तेच तिथं दगडात आहे आणि आपण भांड्याच्या तळाशी उभे आहोत असं वाटतं. एकूण ४८ खांब आहेत, त्यातले १२ त्या गोलाभोवती. एकाच खांबात चौकोन, मग अष्टकोन, मग गोल असे आकार एकावर एक चढत जातात. चौकोनाचा गोल कसा करायचा हे शिकायचं असेल तर त्या खांबासमोर तासभर बसा. बाहेरून खाली सगळीकडे हत्तींचा थर आहे, अख्खं मंदिर पाठीवर घेतल्यासारखा.

शिलाहारांच्या काळात बाराव्या शतकात काम सुरू झालं, पुढं यादवांच्या राजवटीतही चाललं. काळाकभिन्न दगड आहे. सकाळी लवकर जा. मी दुपारी गेलेल्या लोकांना नेहमी सांगतो की तुम्ही अर्धंच खिद्रापूर बघितलं.

पेन्शनर_शिवाजीपेठ · रात्री ११:१०

खिद्रापूर उत्तमच, पण साठ किलोमीटर जायच्या आधी घराजवळचं बघावं. टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय किती कोल्हापूरकरांनी बघितलंय? मी निवृत्त झाल्यापासून वर्षातून दोनदा जातो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. याच ब्रह्मपुरीत ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटीशी काशाची मूर्ती सापडली, ती इथंच आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावात समुद्रापलीकडचा माल येत होता. हे शाळेत शिकवायला पाहिजे, ताई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम सांगतो.

खापरं बघताना पूर्ण भांड्याकडं बघू नका. तुटलेल्या कडेकडं बघा. भिंत किती जाड, तोंडाची कड बाहेर वळलीय की आत, ते तिथंच कळतं. आमच्या ओळखीचे एक उत्खननात काम केलेले गृहस्थ नुसत्या तोंडाच्या तुकड्यावरून भांडं किती मोठं होतं ते काढून दाखवायचे.

गाडी नेणार असाल तर मात्र भाऊसिंगजी रोडला लावायला जागा नाही. मागच्या वेळी मला पाऊण तास फिरावं लागलं. इतकी वर्षं यावर कुणी काही करत नाही.

सदाभटकंती · रात्री ११:३२

मी म्हणेन की एकदाच खर्च करा पण नीट करा. पाँडिचेरीला जा. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली तिथं गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि आज त्या भागात घराघरात स्टुडिओ आहेत. मी आठ दिवस राहिले, चाळीस हजार गेले, पण डोळे उघडले. कोल्हापुरात बसून हे दिसणार नाही. दोन रविवारांत काय होणार? मे महिन्याच्या सुट्टीचं आत्ताच आरक्षण करा.

रंकाळाकाठ · रात्री ११:४०

पेन्शनर काका, ताईंकडे गाडी नाहीये, पार्किंगचं काय? ताई, खिद्रापूरला कुरुंदवाडपर्यंत एसटी आहे, पुढच्या गाडीची वेळ तिथं उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. परतीचीही. मला एकदा तीन तास बसावं लागलं होतं, पण मंदिराच्या आवारातच बसलो, तक्रार नाही.

शाहूपुरीचा_पोरगा · सोमवार, सकाळी ७:०५

ताई, मी कुंभाराच्या घरातला. आमच्याकडं आता वर्षभर गणपतीच असत्यात, भांडी आजोबांपर्यंतच. पण ल्हानपणी जे बघितलं ते सांगतो.

आजोबा मोठा रांजण एका दमात करायचे न्हाईत. खालचं अंग आधी. ते जरा ताठलं की वरनं जाड वळी चढवायची, आतनं दगडाचा गोळा धरायचा आणि भाईरनं लाकडी थापटण्यानं थापटत जायचं. थापटलं की माती घट्ट हुते आणि पोट पायजे तसं फुगतं. आकार वळी चढवताना येत न्हाई, थापटताना येतो. तुम्ही नुसतं बोटानं जोडत असाल तर पोट जिथल्या तिथंच ऱ्हाणार. पोळपाटाचं जुनं फळकूट घ्या, सुतळी गुंडाळा, त्यानं थापटा. सुतळीचे वळ उठतील ते वेगळंच. वरती जपानचं लिहिलंय ते हेच असणार.

दुसरं, एका दिवसात चार-पाच बोटांच्या वर चढू नका. खालची माती ओली असली की वजनानं बसते, आणि बसली की सगळी भांडी एकाच आकाराची हुत्यात, बुटकी आन पोट सुटल्याली. रात्रभर ओलं फडकं झाकून ठेवायचं, सकाळी पुढं. वरची कड तेवढी ओली ऱ्हायली पायजे, नायतर नवी वळी धरत न्हाई. तिथं आडव्या-उभ्या रेघा ओढून मातीचं दाट पाणी लावायचं.

एक विचारतो, ही अकरा भांडी तुम्ही कशावर ठिवून केली?

ओलीमाती · सोमवार, सकाळी ७:५०

सगळ्यांचे आभार, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. दादा, स्टीलच्या ताटलीवर करते, सात इंची, खाली कागद घालून. ताटली फिरवता येते म्हणून. पाँडिचेरी खरंच शक्य नाही, आणि साडेचार हजारांचं पुस्तकही नाही. थापटून बघितलेलं नाही, आज रात्री बघते. खिद्रापूरचा चौकोनाचा गोल मात्र डोक्यात बसलाय.

शाहूपुरीचा_पोरगा · सकाळी ८:१०

मग ताटली एकच तर बूड एकच, बूड एकच तर सगळ्या बहिणीच की ओ. आधी बूड बदला. लांबट करा, चौकोनी करा, गाडग्यासारखं गोल करून राखेच्या वाटीत ठिवा.

तालीमवाला · सकाळी ९:१५

डिझाईनचं मला कळत न्हाई, पण माती कुठली वापरता ते कुणी विचारलंच न्हाई. आमच्या तालमीची लाल माती बघा एकदा हातात घेऊन, लोण्यागत असती. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं तेव्हापासून कोल्हापूरची ओळख या मातीनं हाय. तिचं भांडं केलं तर त्याला कोल्हापूरचा वास येईल. मी वस्तादांना विचारून पिशवीभर देऊ शकतो, पैसे नकोत.

शाहूपुरीचा_पोरगा · सकाळी ९:३०

भावा, तुझं मन मोठं हाय पण ती माती भाजायला न्हाई चालत. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू पडल्यालं असतंय, आणि ती भुसभुशीत ऱ्हावी म्हणूनच तर रोज खणत्यात. भांड्याच्या मातीला चिकटपणा पायजे. आजोबा तळ्यातला गाळ आणायचे, चाळायचे, त्यात राख आन घोड्याची लीद मिसळायचे.

गंगावेशकर · सकाळी १०:०२

शाडू का वापरत नाही कोणी? बाजारात मिळतो, हाताला मऊ आहे, घरचा गणपती मी दरवर्षी शाडूचाच करतो. गेल्या वर्षी उरलेल्या शाडूची पणती केली होती, छान झाली.

शाहूपुरीचा_पोरगा · सकाळी १०:११

न भाजता ठिवली असंल. मूर्तीची माती वेगळी, भांड्याची वेगळी. शाडूची उभी भिंत चढवा, वाळताना भेगा दिसतील.

गंगावेशकर · सकाळी १०:१५

भाजली नव्हती हे खरं. पण भेग एकही नाही. फोटो आहे माझ्याकडे.

भट्टीतलाधूर · सकाळी ११:२०

मी एका वीकएंड वर्कशॉपला ३५०० भरले. दोन दिवसांत एक उंच फुलदाणी केली, वळ्यांचीच, आणि ती त्यांच्या भट्टीत फुटली. माझ्या फुलदाणीबरोबर शेजारच्या दोन जणींचीही भांडी गेली. मला सांगितलं की मातीत हवेचा बुडबुडा राहिला असणार, म्हणजे चूक माझी. नंतर मी खूप वाचलं, विचारलं. बुडबुड्यानं भांडं फुटत नाही, आत राहिलेल्या ओलाव्यानं फुटतं. शंभर अंशांच्या पुढं त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. दुसऱ्याच दिवशी ओलं भांडं भट्टीत घातलं, ती चूक होती, आणि ती माझी नव्हती. अजून वाईट वाटतं.

म्हणून ओलीमाती, डिझाईन कुठलंही करा पण वाळवण्याला पूर्ण वेळ द्या. गालाला लावून बघायचं. गार लागलं तर आत पाणी आहे. भट्टी सुरुवातीला अगदी सावकाश तापवायची, आणि ५७३ अंशांच्या आसपास पुन्हा हळू, कारण तिथं मातीतल्या गारगोटीचे कण एकदम फुगतात. थंड होतानाही तेच, झाकण घाईनं उघडायचं नाही.

कानवाली · दुपारी १:३०

आमचं घराणं कोल्हापुरी चपलांचं, तीन पिढ्या. २०१९ साली आमच्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा घरात पेढे वाटले होते.

मी भांडी करत नाही, पण डिझाईन म्हटलं की लोक देवळात जातात आणि रोज पायात घालतात ते बघत नाहीत. चपलेची वेणी उलगडून बघितलीय का कधी? पातळ वाद्या एकमेकींत कशा घालतात? मातीच्या बारीक वळ्यांची तशीच वेणी घालून भांड्याच्या गळ्याभोवती बसवता येईल की. आणि चामड्यावर नक्षी उठवायचे ठसे असतात, फुलाचे, टिकल्यांचे, जवासारखे. माझ्या पुतणीनं शाळेच्या मातीकामाला ते वापरले. माती चामड्याइतकी घट्ट झाली की ठसा अगदी स्वच्छ उठतो, ओली असताना मारला तर चिकटतो. एका जुन्या ठशाला फार पैसे पडत नाहीत, कारागिराकडं बसून मागा, पण त्याचं काम चालू असताना मागू नका.

तसंच बाजरीचं कणीस ओल्या मातीवर लाटून बघा. हे माझ्या आजीचं, ती चुलीच्या कडेला असं करायची.

चाकधर · दुपारी २:०५

वेणी, ठसे सगळं ठीक, पण बाहेरून वळ्या दिसता कामा नयेत. भांडं गुळगुळीतच पाहिजे. वळ्या दिसल्या की लोक म्हणतात अर्धवट सोडलंय. शिवाय खाचांत धूळ बसते, पाणी ठेवलं तर शेवाळ. चाकावर हा प्रश्नच येत नाही. मी प्रत्येक वाटी ओल्या चामड्यानं पुसून काढतो.

निळीशाई · दुपारी २:४०

मला हे अजिबात पटत नाही. वर सांगितलेली प्यूब्लोंची भांडी रोज चुलीवर चढायची आणि वळ्या मुद्दाम ठेवलेल्या होत्या. वळी हीच इथली रेघ आहे. जाड-बारीक केली, मधेच लाटेसारखी वाकवली, एक थर गुळगुळीत आणि एक तसाच ठेवला, तर त्यातूनच डिझाईन होतं. आतून मात्र नीट जोडलेलं हवं, त्यावर कुणाचा वाद नसावा.

आणि आपल्याकडचं एक राहिलं. शिरूरजवळच्या इनामगावला ताम्रपाषाण काळातलं एक मोठं मातीचं भांडं निघालं, चार पायांचं, आणि त्यात एका माणसाला बसवून पुरलेलं. भांड्याला पाय असू शकतात हे मला त्याचं चित्र बघितल्यावर पहिल्यांदा सुचलं. ओलीमाती, तुमच्या अकरांपैकी एकीला तरी पाय आहेत का?

पेन्शनर_शिवाजीपेठ · दुपारी ३:२०

टाऊन हॉल नक्की करा. आणि कणेरी मठावरचं गावजीवनाचं संग्रहालयही करा, तिथं बारा बलुतेदारांत कुंभार आहे. सिमेंटचे पुतळे आहेत पण हाताची ठेवण अचूक आहे. मी नातवंडांना नेलं होतं, ती दिवसभर रमली. खिद्रापूर त्यानंतर.

कागदकात्री · संध्याकाळी ६:१०

मी चित्रकला शिकवते. कुठं जायचं ते वर भरपूर आलंय, मी जाऊन काय करायचं ते सांगते, कारण नुसतं बघून आकार हातात उतरत नाही.

फोटो काढू नका. वर्तमानपत्र दुमडा आणि दुमडीच्या एका बाजूला अर्ध्या भांड्याची बाह्यरेघ कात्रीनं कापा. पेन्सिलनं आधी काढू नका, थेट कात्री. उघडलं की पूर्ण भांडं. दहा मिनिटांत वीस कापा. त्यातली सतरा तुमचीच जुनी बहीण असेल. उरलेली तीन भिंतीवर चिकटवा आणि आठवडाभर येता-जाता बघा. जी आठव्या दिवशीही आवडेल तिचाच जाड पुठ्ठ्यातून अर्धा आकार कापा. आता भांडं चढवताना तो पुठ्ठा बाजूला उभा धरायचा, जिथं फट दिसेल तिथं वळी बाहेर सरकवायची, जिथं टेकेल तिथं आत. वाळून-भाजून माती दहा-बारा टक्के आकसते, म्हणून पुठ्ठा थोडा मोठाच कापा.

आणि आधी तळहाताएवढी पाच करा. मोठ्यावर थेट गेलात की भीतीनं हात ओळखीच्या वाटेनंच जातो. मुलांच्या चित्रांतही मी हे रोज बघते.

सदाभटकंती · संध्याकाळी ६:४५

हे कात्रीचं मी पाँडिचेरीला बघितलं होतं. तिथं मोठ्या पुठ्ठ्यावर करतात.

गुळाचीढेप · रात्री ८:३०

हंगाम चालू आहे, गुऱ्हाळावर या कुणीतरी. आमचं करवीर तालुक्यातलं. काहिलीतला पाक ओतल्यावर थंड होताना त्यावर ज्या सुरकुत्या धरतात, तशा सुरकुत्या मातीत आल्या तर बघायला काय मजा येईल. बसायला बाज आहे, रस आमच्याकडून.

ओलीमाती · पुढचा सोमवार, रात्री ९:१५

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं आणि मी तुमच्यापैकी कुणाचंच पूर्ण ऐकलं नाही, म्हणून आधी माफी मागते. खिद्रापूरला गेले नाही. टाऊन हॉललाही नाही.

शनिवारी बाजारातून येताना एक बुरूड मावशी रस्त्याकडेला टोपल्या विणत बसलेल्या दिसल्या. रोज जातायेता दिसतात. त्या दिवशी शाहूपुरीच्या दादांचं 'आधी बूड बदला' डोक्यात होतं म्हणून थांबले. टोपलीचं बूड चौकोनी होतं. आणि तोंड गोल! मी आयुष्यभर घरात टोपल्या बघितल्या, भाकरी त्यातच ठेवतो, पण हे कधी दिसलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "बूड चौकोनी नसलं तर टोपली बसंल कुठं? लवंडंल की."

रविवारी सकाळी पुन्हा गेले, तीन तास बसले. त्या पट्ट्या आडव्या-उभ्या घालून चौकोन विणतात, मग पायाच्या अंगठ्यानं बूड दाबून धरतात आणि सगळ्या पट्ट्या एकदम वर वळवतात. तिथून पुढं गोल गोल विणत जातात. कोपरे एकाच थरात जात नाहीत. सहा-सात फेऱ्यांत हळूहळू विरतात, शेवटी शोधूनही सापडत नाहीत. मी प्रत्येक फेरीचा आकार वहीत काढला. त्यांनी मला इतर टोपल्यांचं आणि धान्याच्या कणगीचं बूडही दाखवलं, प्रत्येकाचं वेगळं. कोंबड्या झाकायच्या डालग्याला तर बूड नसतंच, ते उपडं. दोन टोपल्या आणि एक सूप विकत घेतलं, मावशींचा अर्धा दिवस मोडला म्हणून वरचे पैसे दिले, ते त्यांनी आधी घेतले नाहीत, मग घेतले. मिळून ६५० झाले. उरलेल्या पैशांची माती आणली.

काल रात्रीपासून चढवतेय. बूड आठ इंची चौकोन, ताटली कपाटात ठेवून दिली. वळ्या पुसत नाहीये, चाकधर दादा, तुमचं ऐकलं नाही, कारण पुसल्या तर टोपली दिसणार नाही. प्रत्येक वळीला एकाआड एक बोट दाबतेय, त्यामुळं विणीसारखं दिसतंय. थापटणं मात्र वापरलं, आतून गोटा धरून, फक्त कोपऱ्यांवर. त्यानं कोपरा विरतो कसा ते हाताला कळलं. आज सातव्या वळीवर आहे आणि पहिल्यांदाच पुढची वळी कशी जाणार हे मला माहीत नाही. फार छान वाटतंय.

रंकाळाकाठ · रात्री ९:३०

वाईट वाटलं, पण टोपली वाचून बरंही वाटलं. चौकोनाचा गोल खिद्रापूरच्या खांबातही तसाच विरतो, फक्त तिथं मधे अष्टकोन आहे. भांडं झालं की ते घेऊन चला, मी येतो सोबत. एसटीनंच जाऊ.

चाकधर · रात्री ९:४४

धूळ बसणार. पण फोटो टाका.

शाहूपुरीचा_पोरगा · रात्री १०:०५

ताई, एक सांगतो आन ते ऐकाच. चौकोनी बुडाचा कोपरा आधी वाळतो आणि मधला भाग नंतर, त्यात ही थंडीची कोरडी हवा. कोपऱ्यातनं आडवी चीर जाईल. बुडाखालचा कागद काढून जाड वाळूवर ठिवा, म्हणजे आकसताना बूड सरकंल. कोपऱ्यांवर ओलं फडकं, मधलं उघडं. आठ-धा दिवस तरी पंख्याखाली ठिवू नका.

ओलीमाती · रात्री १०:२०

वाळू आहे, शेजारी बांधकाम चालूय, तिथून विचारून घमेलंभर आणली. जुनी ओढणी फाडून चार तुकडे केलेत, चार कोपऱ्यांना. पंखा बंद केला.